गाडीमागचा तांबडा दिवा

फुई, दिवा भरलेला होता.

तुझ्या खोलीच्या कोनाड्यात, घासलेटच्या बाटलीशेजारी, जुन्या लुगड्याच्या फडक्याखाली झाकलेला. उचलला तर जड लागला. वात नीट कातरलेली, तिचे दोन्ही कोपरे छाटलेले, आणि तांबडी काच इतकी स्वच्छ की तिच्यात मला माझं नाक दिसलं. शेवटचे कितीतरी दिवस तुला उठून बसवत नव्हतं. माय तुला चमच्याने पेज भरवत होती. गाडी पडवीत उभी होती, पेट्रोलचा पत्ता नव्हता, कुणालाच कुठे जायचं नव्हतं. मग हे केलंस कधी? आणि कुणासाठी?

तुला नेलं तेव्हा मी रडले नाही. मी रागावले होते. ओसरीवर बसलेल्या बाया एकमेकींना सांगत होत्या, सुटली बिचारी. त्या एका शब्दात त्यांनी तुला गुंडाळून ठेवलं, जणू तू जन्मभर इथे खुंट्याला बांधलेली होतीस आणि आता दावं तुटलं. मी उठून भांडणार होते. तू असतीस तर म्हणाली असतीस, पोरी, सुतकात तरी गप बस. म्हणून गप बसायला तुझ्या खोलीत गेले, आणि तिथे हा दिवा. तो मांडीवर घेऊन मी बसले आणि मग मला रडू आलं.

गाडी आपल्या अंगणात आली तेव्हा मी चालायला शिकत होते म्हणे. धुळ्याच्या कुणा वकिलाने वापरून सोडलेली, वर कापडी टप असलेली ती मोटार माझ्या वडिलांनी, म्हणजे तुझ्या धाकट्या भावाने, नानांनी, मोठ्या हौसेने घेतली. पुढचे दोन दिवे इंजिनाच्या विजेवर चालायचे. इंजिन फुगलं की ते फुगायचे, इंजिन दमलं की तेही मिणमिणायचे. मागे मात्र वीज नव्हती. तिथे नंबराच्या पाटीला लागून काळ्या पत्र्याची एक डबी अडकवलेली होती. तिच्यात घासलेटवर जळणारी वात, मागच्या अंगाला तांबडी काच, आणि कुशीला एक लहानशी पांढरी काच, नंबरावर उजेड पडावा म्हणून. नाना इंजिनात डोकं घालून बसायचे. माझा भाऊ रघू चाकांना हवा भरायचा. पण वात, काजळी, घासलेट ही बायकांची कामं. तू रोज दिवेलागणीच्या आधी घरातल्या सगळ्या कंदिलांच्या काचा राखेने पुसायचीस, त्या रांगेत ही डबीही येऊन बसली.

पण एवढंच नव्हतं, फुई. कुणी गावाला निघालं की तू समोर यायची नाहीस. विधवेने निघणाऱ्याला सामोरं जाऊ नये, ही आपल्या घरची, गावची, सगळ्या मुलखाची रीत. गाडी अंगणात उभी राहायची, माय नानांना कुंकू लावायची, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायची, शेजारणी दारात उभ्या राहायच्या. आणि तू मागच्या दाराने बाहेर पडून, गोठ्याला वळसा घालून, गाडीच्या मागे येऊन उभी राहायचीस. तिथे तुला कुणी अपशकुन म्हणत नव्हतं, कारण तिथे कुणी बघतच नव्हतं. लक्ष्मीपूजनाची पणती तू लावायची नाही, औक्षणाचं ताट तू धरायचं नाही, नवरीपुढे समई तू न्यायची नाही. घरातल्या एकेका दिव्याचा नियम ठरलेला होता. या एका दिव्याचा नियम कुणी केला नव्हता, कारण नियम करणाऱ्यांच्या काळी मोटारच नव्हती. तो तुला सापडला आणि तू तो सोडला नाहीस.

दसऱ्याला पुढे झेंडूचा हार पडायचा. मागे, त्या डबीच्या कडीत, एकच फूल खोचलेलं असायचं. ते कोण खोचतं, असं घरात कुणी कधी विचारलं नाही.

मला तुझे हात आठवतात. डबीच्या टाकीत तू सरकी काढलेला कापूस दाबून भरायचीस, म्हणजे गाडी खाचेत आदळली तरी घासलेट हिंदकळत नाही. एकदा म्हशीचं शिंग लागून तांबडी काच फुटली. नानांनी नंदुरबारच्या स्टेशनावरून सिग्नलच्या कंदिलाच्या काचेचा फुटका तुकडा आणला. तो मोठा होता. तू तो विहिरीजवळच्या दगडावर पाणी घालून घासत बसलीस, दिवसामागून दिवस, धुणं झाल्यावर. रघू तुला चिडवायचा की फुई हिऱ्याला पैलू पाडतेय. शेवटी तो तुकडा चौकटीत असा बसला की तू बोटाने दाबलास आणि तो हललाही नाही. त्या दिवशी तू कुणाशी न बोलता दोनदा हसलीस.

आणि त्या बैलगाड्या. ते मी अजून कुणाला सांगितलं की लोकांना मी रचून सांगते असं वाटतं.

थंडीच्या, कापसाच्या दिवसांत तापीकाठच्या प्रकाशा या तीर्थाच्या गावाकडून शहाद्याच्या जिनाकडे, सरकी काढायच्या कारखान्याकडे, गाड्यांची रांग लागते. दिवसभर कापूस भरून गाडीवान दमलेले असतात. अंधार पडला की ते वरच्या कापसात आडवे होतात आणि बैल आपले चालत राहतात, पुढच्या गाडीच्या आसाखाली झुलणाऱ्या कंदिलाकडे बघत. नाना मोटार चालवत नसत, हाकत असत. खाच आली की इंजिनाला हो, हो म्हणायचे. स्प्रिंग तुटेल या धास्तीने ती गाडी कधी बैलाच्या चालीपुढे गेलीच नाही. अशाच एका संध्याकाळी आपण सगळे प्रकाशाहून देवदर्शन करून येत होतो. रांगेतल्या पहिल्या जोडीला आपला तांबडा दिवा दिसला आणि ती त्याच्या मागे लागली. आपण हमरस्ता सोडून गावाकडे वळलो, तीही वळली. आणि तिच्या मागे सगळी रांग.

आपलं अंगण बैलांनी भरलं. घुंगरांचा आवाज, कापसाचे डोंगर, आणि त्या डोंगरांवर घोरणारी माणसं. सगळ्यात पुढच्या गाडीवर सुकलाल होता. तो उठून बसला, डोळे चोळले, आपल्या तुळशीकडे बघितलं आणि विचारलं, "हाई जिन नही का?"

नाना संतापले होते. तू पदर सावरून पुढे झालीस आणि म्हणालीस, "नही रे बापा, हाई पाटीलनं घर शे. आते उनाच शे तर उतर, चहा ले."

तू मोठं पातेलं चढवलंस. गूळ घालून केलेला तो चहा सगळे वाटीवाटीने प्याले. सुकलाल म्हणाला की जिनवाला पाणीसुद्धा विचारत नाही, आम्ही कापूस इथेच टाकतो. मग प्रश्न आला गाड्या वळवून परत हमरस्त्यावर न्यायचा. बैल अंगणातून हलेनात. त्यांचा दिवा तर इथेच होता. तेव्हा तू गाडीमागची डबी काढून हातात घेतलीस, हात पाठीमागे धरलास, तांबडी काच बैलांकडे, आणि चालू लागलीस. सुकलालचे बैल निघाले. त्यांच्या मागे बाकीचे. मी ओसरीच्या खांबाला धरून बघत होते. तू हमरस्त्यापर्यंत गेलीस आणि एकटी परत आलीस, डबी आता पुढे धरून.

त्या हंगामात ते पुन्हा झालं. पुढच्या हंगामातही. मला वाटतं सुकलाल नंतर नंतर झोपेचं सोंग करत असावा. तू मात्र प्रत्येक वेळी नही रे बापा म्हणायचीस, तितक्याच नवलाने.

मग मी धुळ्याला मामाकडे शिकायला गेले. मामाचा छापखाना. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर, आणि पुढे ती लिहायलाही लागले. सुट्टीत येताना पेटीत कपड्यांखाली गठ्ठे असायचे. सरकारविरुद्ध, सावकाराविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, रूढीविरुद्ध. एकदा बघते तर तू माझ्या पत्रकाचा बोळा करून काच पुसत होतीस. मी किंचाळले. ज्या कागदासाठी लोक तुरुंगात जातात त्याने तू काजळी पुसतेस? तू शांतपणे म्हणालीस की राखेने ओरखडे पडतात, या कागदाने काच फार छान निघते, आणि मागची बाजू तर कोरीच आहे. मी कागद हिसकावून घेतला. तुला वाईट वाटलं असावं, कारण थोड्या वेळाने माझ्याजवळ येऊन बसलीस आणि तह सुचवलास. "पहिले वाची दखाड, मंग दे."

तेव्हापासून हाच करार. मी प्रत्येक पत्रक तुला वाचून दाखवायचं, मग ते तुझ्या काचेचं. तू अक्षर न ओळखणारी, पण माझी इतकी नेटाने वाट पाहणारी वाचक मला पुन्हा मिळाली नाही. कुठे आवाज चढवायचा ते तू सांगायचीस. सावकारावरचं पत्रक तुला आवडलं, त्याच्यात शिव्या कमी आहेत एवढीच तक्रार होती.

आणि मग मी ते पत्रक लिहिलं. विधवेच्या हातातला दिवा अशुभ कसा, असं विचारणारं. मला त्याचा अभिमान होता. शास्त्र, समाज, अन्याय, शृंखला, सगळं त्यात होतं. तू मांडीवर डबी घेऊन शेवटपर्यंत ऐकलंस. मग म्हणालीस, "बेस लिखं, बेटा. पन यामा मी कोठे शे?"

मी म्हटलं, हे सगळं तुझ्याबद्दलच आहे. तू म्हणालीस, त्यातली बाई तर सारखी रडतेय. मी म्हटलं, तुझ्यावर अन्याय होतो हे तुला मान्य नाही का? होतो, तू म्हणालीस, पण मी रोज काचा पण पुसते. मी चिडून उठले. तू कागद घेतलास, घडी केलीस, आणि त्या दिवशी त्याने काच मात्र पुसली नाहीस. तो कागद कुठे गेला मला माहीत नाही. हे भांडण आपलं अर्धंच राहिलं. मी पुढे कितीतरी वेळा मनातल्या मनात तुला उत्तर दिलं आणि एकही उत्तर पुरं पडलं नाही.

धरपकडीच्या दिवसांत आपलं आणखी एक भांडण झालं. मी म्हटलं, मागचा दिवा हा सरकारचा कायदा आहे, पोलिसांना नंबर दिसावा म्हणून. तो लावणं म्हणजे त्यांचा हुकूम पाळणं. आपण अंधारात जाऊ. तू काडी ओढत म्हणालीस, मग बैलं काय सरकारची आहेत? नाना हसले, रघू हसला, आणि मी ती सगळी वाट तोंड फिरवून बसले, मागे तुझा दिवा जळत होता तरी.

पण त्याआधीचं एक सांगायचं राहिलं, आणि तेच मला जास्त लागलं होतं. नानांनी तुझा दिवा बदलला तेव्हाचं.

अंगणात दर हंगामात बैल शिरतात, कडबा खातात, शेण पडतं, याला नाना कंटाळले होते. शिवाय तुझे गुडघे दुखायचे, गाडीमागे वाकताना तू कण्हायचीस ते त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी सुरतेहून विजेचा मागचा दिवा मागवला. नवापूरवरून आगगाडीने आला. चकचकीत, वाटोळा, दोन तारा असलेला. नानांनी तो बसवला, पुढे जाऊन बटण दाबलं आणि मागे लालभडक उजेड पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू गोठ्याला वळसा घालून आली होतीस, हातात घासलेटची बाटली. तू तो उजेड पाहिलास, चांगला आहे म्हणालीस, आणि बाटली घेऊन परत गेलीस.

मी नानांशी भांडले. तुम्ही तिचा दिवा काढून घेतला असं म्हटलं. ते खरोखर गोंधळले. म्हणाले, मी तर तिचे कष्ट वाचवले. माणूस वाईट नव्हता, फुई, हे तूच मला शिकवलंस. त्यांना फक्त गाडीची पुढची बाजू माहीत होती.

त्या दिव्याच्या मागे बैल येईनात. तो फार भडक होता. बुजून ते बाजूला व्हायचे. त्या हिवाळ्यात अंगण स्वच्छ राहिलं. तू संध्याकाळी कंदील पुसून झाले की गाडीजवळ जायचीस, विजेच्या दिव्यावरची धूळही पुसायचीस, आणि जुनी डबी तुझ्या कोनाड्यात असायची. तक्रार एका शब्दाची नाही. मला तुझ्या त्याच गोष्टीचा राग यायचा.

मग लढाई लागली. खाचांमधून आदळून आपटून बल्बमधली तार तुटली, आणि दुसरा बल्ब सुरतेला मिळेना, मुंबईलाही मिळेना. नाना काही दिवस तसेच हिंडले. एका संध्याकाळी त्यांनी विजेचा दिवा काढला, जुनी कडी पुन्हा ठोकली आणि अंगणातूनच हाक मारली, "अक्का, दिवा भरी दे."

तू आतून डबी घेऊन आलीस. ती भरलेलीच होती. तेव्हाही मी विचारायला हवं होतं, एवढे दिवस ती कुणासाठी भरून ठेवत होतीस. पण तुझ्याकडे बघितलं आणि विचारलं नाही. तू तरुण दिसत होतीस. त्या हंगामात सुकलाल पुन्हा आपल्या अंगणात उठला.

आता माझ्या लग्नाचं. ते आपण कधीच बोललो नाही, म्हणून इथे बोलते.

शहाद्याला सासरी निघायची वेळ. गाडी अंगणात, माझा नवरा आत बसलेला, माय औक्षणाचं ताट घेऊन उभी. मी पाय आत टाकेना. म्हटलं, ताट फुईच्या हातात द्या. तिने समोर येऊन ओवाळल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही. मी हे आधीच ठरवलं होतं, सगळ्या गावासमोर करायचं. बायांची कुजबुज सुरू झाली. नवरा म्हणाला, हरकत काय आहे, आणि त्यामुळे त्याची आई आणखी संतापली. नाना खाली बघत होते. मी तशीच उभी. मला वाटत होतं, एक पाऊल, फुई, फक्त गोठ्यामागून पुढे ये. आज कुणी तुला अडवलं तर मी त्यांना बघून घेईन.

तू आलीस. गोठ्याला वळसा घालून, पण पुढे नाही. माझ्या पाठीशी, अगदी जवळ येऊन उभी राहिलीस. तुझ्या हाताला घासलेटचा वास येत होता. तो हात तू माझ्या डोक्यावरून फिरवलास आणि म्हणालीस, "तू गाडीमा बठ. मी तुन्हा मांगेच शे."

मी बसले. तू हरलीस असं मला वाटलं, आणि मी तुझ्याबरोबर हरले. शहाद्यापर्यंत मी रडत गेले. लोकांना वाटलं नवरी माहेरासाठी रडते. एका वळणावर मागे वळून बघितलं, तर गाडीमागच्या धुरळ्यावर तांबडा उजेड पडला होता. आमच्या पाठीमागचा सगळा धुरळा लाल. मी नवऱ्याला सांगितलं, फुईचा दिवा. तो म्हणाला, दिसतोय.

आता परवाचं सांगते. रघूने कुठून तरी पेट्रोलचा एक डबा मिळवला, आणि तुझ्या अस्थी घेऊन नाना आणि तो प्रकाशाला निघाले. बायका जात नाहीत, असं मला सांगण्यात आलं. मी आधीच गाडीत बसले होते. मांडीवर तुझी डबी. रघूने बघितलं आणि म्हणाला, हिची आता गरज नाही, लढाई संपली, परवाच शहाद्याला बल्ब मिळाला, खोका गाडीतच आहे. परत आलो की बसवतो.

तापीचं पाणी थंड होतं. नानांनी तुला पाण्यात सोडलं. मी तुला काय म्हणाले ते तुला माहीत आहे, ते लिहीत नाही. परत निघेपर्यंत दिवस बुडाला. पुढचे दिवे लागले. रघू खोका उघडायला लागला, तर नाना म्हणाले, राहू दे. त्यांनी माझ्या हातातून डबी घेतली आणि गाडीच्या मागे जाऊन, आयुष्यात पहिल्यांदा ती वात लावायला गुडघ्यावर बसले. झाकण कुठून उघडतं ते त्यांना सापडेना. काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, बोट भाजलं. मग म्हाताऱ्या माणसाने मान वर करून मला विचारलं, "वात कितली वर करानी?"

मी दाखवलं. एवढी, नखाएवढी. त्यांनी तरी जास्तच वर केली.

पुढे काय झालं असेल ते तुला कळलंच असेल. हंगाम ऐन भरात आहे. आम्ही गावाकडे वळलो आणि मागून घुंगरं ऐकू आली. नानांनी इंजिनाला हो, हो म्हटलं नाही, बैलांनाही हाकललं नाही. अंगण भरलं. सुकलाल उठून बसला. आता त्याच्या मिश्या पिकल्या आहेत. त्याने तुळशीकडे बघितलं, ओसरीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"फुई कोठे शे, माय?"

नानांनी सांगितलं. सुकलालने डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग एकेक गाडीवान उतरला, कुणाला काही कळवावं लागलं नाही. मी मोठं पातेलं चढवलं. सुतकातल्या घरचा चहा, पण कुणी नको म्हणालं नाही.

बैल हलेनात. त्यांचा दिवा इथेच होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी डबी काढली, हात पाठीमागे घेतला, काच बैलांकडे केली आणि चालू लागले. फुई, मला वाटायचं दिवा घेऊन पुढे चालणाऱ्याला वाट दिसते. दिवा पाठीमागे धरला की आपल्या पायापुढे काहीच नसतं, नुसता काळोख. वाट तळव्यांनी शोधावी लागते. इथे खाच, इथे बाभळीचे काटे, इथे ओढ्याची उतरण. मागे बैल निवांत श्वास सोडत होते, त्यांना काय, सगळं दिसत होतं. मी दोनदा अडखळले. तू इतक्या हंगामांत एकदाही अडखळल्याचं कुणी सांगितलं नाही. ज्या बाईने पुढे यावं म्हणून मी भर अंगणात अडून बसले, ती कापसाच्या सगळ्या गाड्यांच्या पुढे चालत आलेली होती, आणि माझ्या एकाही पत्रकात ते नव्हतं.

हमरस्त्यावर सुकलालने गाडी थांबवली. म्हणाला, आता बैलांना कळतं, तू जा. मी परत आले, डबी पुढे धरून.

काल सकाळी नाना पडवीत दिसले. समोर राख, फडकं, मांडीवर डबी. वात फार वर केल्यामुळे काच काळीकुट्ट झाली होती. बल्बचा खोका बाजूला तसाच, न उघडलेला. ते बराच वेळ घासत होते आणि काजळी इकडची तिकडे होत होती. मग मला हाक मारली. विचारलं, एका बाजूने कोरा असा कागद तुझ्याकडे असेल का, अक्का कसल्यातरी कागदाने पुसायची.

मी म्हटलं, आहे, पण अजून लिहून व्हायचाय. थांबा जरा.

हे मी एकाच बाजूला लिहिलंय, फुई. यात तू कुठे आहेस, ते आता तू मला विचारू नकोस. नाना वाट बघतायत. त्यांना आधी वाचून दाखवते, मग देते.